मोजलेली सावड

थोरली सून भीमाबाई रानातून इतक्या लवकर परत आली, तेव्हा साळूबाई अजून चुलीपुढंच होत्या. ज्याच्या रानात सावड त्याच्या घरची न्याहारी, म्हणून उजाडायच्या आधीपासून भाकरी थापणं चाललं होतं. दुरडी गळ्यापर्यंत भरली होती आणि परातीत पीठ उरलंच होतं. धाकटी सून विजयमाला भिंतीला टेकून लेकीला, चिमीला, पेज भरवत होती. चिमी घास घ्यायची, जिभेनं पुढं ढकलायची, परत घ्यायची. दात येत होते. विजयमालेनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग मानेला, मग पुन्हा कपाळाला.

"कोनी न्हाई," उंबऱ्यातच बसकण मारत भीमाबाई म्हणाली.

"कोनी न्हाई म्हंजे?"

"म्हंजे कोनी न्हाई, आत्या. वाफ्यात कांदा आन् बांधावर मी. दोगांनी एकमेकाकडं बघितलं आन् मी माघारी आले."

साळूबाईंचा हात पिठावरच थांबला. "कडूबाई?"

"न्हाई."

"बनुबाई तरी?"

"न्हाई."

"मुबारकबी तर सगळ्यांच्या आधी येती."

"तिचाच तर पत्त्या न्हाई."

तव्यावरची भाकरी करपली. साळूबाईंनी ती उचलून बाजूला टाकली, हात धुतले आणि पदराला पुसत पुसत ओसरीवर गेल्या. विजयमाला चिमीला कडेवर घेऊन मागं मागं गेली. या घरात आल्यापासून तिला एक सवय लागली होती. कुणी काही बोलायच्या आधी ती त्याचा चेहरा वाचून घ्यायची. सासूबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या कशाची तरी जुळणी करत होत्या, आणि तेच तिला जास्त भीतीचं वाटलं.

ओसरीवर सासरे आप्पासाहेब चहाची बशी फुंकत बसले होते. थोरले चिरंजीव गाडी घेऊन बेलापूरच्या बाजाराला गेले होते. धाकटा कानिफनाथ, विजयमालेचा नवरा, सहकारी सोसायटीत सुपरवायझर होता; तो रविवार म्हणून राहुरीहून आला होता आणि पायजम्यातच वर्तमानपत्र चाळत होता. सगळं ऐकून आप्पासाहेबांनी बशी खाली ठेवली.

"माना पडून गेल्यात सगळ्या कांद्याच्या, काढायला आलाय," ते म्हणाले. "दुपारून आभाळ भरून यायला लागलंय रोज. एक वळीव पडला म्हंजे जमिनीतच नासंल सगळा."

"मी जाऊन विचारून येतो ना," कानिफनाथ उठला.

"तू बस," साळूबाई म्हणाल्या. "बायकांच्या सावडीत गड्यानं पडायचं न्हाई."

सावड तशी साधी गोष्ट. आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही. मजुरीचा पैसा मध्ये येतच नाही. या गावात लागण, खुरपणी, काढणी सगळी बायकांच्या सावडीवर चालायची, आणि आप्पासाहेबांचं घर त्यात त्यांच्या आईच्या वेळेपासून होतं.

साळूबाई वळल्या. "इजे, तू परवा मुबारकबीकडं गेल्तीस न्हवं?"

"हो आत्या. चिमीच्या हिरड्या दाखवायला."

"तेवढंच?"

विजयमालेनं चिमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आणि माझ्या निबंधासाठी थोडं विचारलं."

निबंध हा शब्द आला की घरात सगळे थोडे सावरून बसत. माघात मामेबहिणीच्या लग्नाला विजयमाला पुण्याला गेली होती, तेव्हा वेळ काढून ती तिच्या जुन्या प्राध्यापकांना भेटून आली होती. वाकनीस सर पूर्वीसारखेच होते. गोड बोलणं त्यांना जमत नसे. "एम. ए.ला अर्थशास्त्र घ्यायचंय? घ्या. पण अर्ज लंगडा आहे तुमचा. बी. ए.ला सेकंड क्लास. मध्ये खंड पडलेला. लग्न झालं, मूल झालं. समितीतले लोक तोंडावर बोलणार नाहीत, पण कागद बाजूला ठेवतील. मी शिफारस देईन. शिफारस काय, सगळ्यांच्याच अर्जाला असते. तुमच्याजवळ असं काय आहे, जे मुंबईच्या हुशार पोराजवळ नाही?" तिला उत्तर सुचलं नव्हतं. तेव्हा तेच म्हणाले होते, "तुम्ही राहता ते गाव. तिथला एखादा व्यवहार स्वतः तपासा, मोजा, लिहा. तो निबंध अर्जाला जोडा. मग बघू कोण बाजूला ठेवतो."

गावी परत येताना गाडीतच तिनं ठरवलं होतं, सावडीवर लिहायचं. पैशाशिवाय चालणारी मजुरी! वैशाखाच्या आत अर्ज जायला हवा होता.

"काय इचारलंस मुबारकबीला?" साळूबाईंनी विचारलं. "जसं इचारलंस तसंच सांग."

"विचारलं की, चाची, आमच्याकडं तुमची किती दिवसांची सावड राहिलीय?"

भीमाबाईनं कपाळाला हात मारला. मग तिला हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं. आप्पासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"का? काय झालं?" कानिफनाथनं विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं, एवढाच विजयमालेला आधार वाटला.

"भाऊजी," भीमाबाई म्हणाली, "सावडीत कोनी असं इचारत न्हाई. 'उंद्या येता का?' एवढंच इचारायचं. किती ऱ्हायली, कोनाची कोनाकडं, हे ज्याला सावडीतनं निघायचं असतंय त्योच इचारतो. मंग त्याची काय ती फेडायची आन् हात जोडायचे. तुमची मंडळी जाऊन आपल्या घराची सावड मोडून आली."

विजयमालेला परवाचं सगळं परत दिसलं. मुबारकबी चिमीच्या तोंडात बोट घालून हिरडी चाचपत होती, बोलता बोलता हसत होती. प्रश्न ऐकून ती हसायची थांबली आणि "बघते, बाई" एवढंच म्हणाली. विजयमालेला वाटलं होतं, ती आठवत असेल.

"मी आत्ता जाते. माफी मागते त्यांची."

"नगं," साळूबाई म्हणाल्या. "माफी मागितलीस म्हंजे हिशोब खरा हुता, असं हुईल."

चिमीनं आजीच्या गळ्यातली पोत पकडायला हात पुढं केला, पण साळूबाईंचं लक्ष नव्हतं.

"तरी मी म्हणत होतो, विषय दुसरा घे," कानिफनाथ म्हणाला. तो असं कधीच म्हणाला नव्हता. 'फर्स्ट क्लास विषय,' असं म्हणाला होता, आणि राहुरीहून चांगले रेघी कागदही आणून दिले होते. विजयमालेनं त्याच्याकडं पाहिलं. तो वर्तमानपत्राची घडी घालत होता.

"मला वाटतंय," आप्पासाहेब सावकाश म्हणाले, "यंदा अर्ज ऱ्हाऊ द्यावा. मीच चार लोकात सांगत फिरलो, आमची सून एम. ए. होनार म्हनून. कौतुक वाटतंय मला, न्हाई असं न्हाई. पन घरात कांदा कुजत ठिवून कसलं अर्थशास्त्र? फुडच्या सालाला बघू."

पुढच्या सालाला! घरात सगळ्यात मोठा आधार होता तो त्यांचाच. पुढच्या सालाला खंड आणखी वाढणार होता. समितीपुढं आणखी एक कारण जाणार होतं. आणि कदाचित आणखी एक मूल. हे मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून ती चिमीच्या झबल्याची नाडी सोडत, बांधत उभी राहिली.

"मामंजी, कांदा येगळा आन् अर्ज येगळा," भीमाबाई एकदम म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. विजयमालेला 'बालिस्टर' म्हणून हाक मारणारी, तिचं पुस्तक दिसलं की 'चुलीला जाळ लागतोय का बघ गं त्यात' म्हणणारी हीच जाऊ.

"येगळा कसा?" साळूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला शिकन्याचं वावडं न्हाई. माझ्या मनात काय हाय ते आज बोलते. सावडीत घरटी दोन बायका लागतात. ही आल्यापासनं तू एकटी जातीस, भीमा. आधी ही पोटुशी, मंग बाळंतीन, म्हनून समद्यांनी चालवून घेतलं. आता पोरगी रांगती झाली. आता ही पुन्याला गेली, तर आमी सावडीत कोनच्या तोंडानं बसायचं? पोरगी सांभाळायला मी हाय. त्याचं मला भ्या न्हाई. पन रानात दुसरी बाई कुठनं आनू?"

सासूबाईंचा विरोध लोक काय म्हणतील म्हणून आहे, असं विजयमाला आजवर समजत आली होती. तो विरोध इतका सरळ आणि इतका खरा असेल, हे तिला नवीन होतं.

"मग आता काय करायचं, आत्या?" तिनं विचारलं.

"आज समद्या कुठं असतील, भीमा?"

"मुबारकबीच्या रानात. तिचा बी कांदा आलाय."

"मंग तिकडं जावा. कोनी बोलावलं न्हाई तरी. एका कडंला बसायचं आन् कांदा काढायचा. तोंडानं काय बोलू नगं."

*

मुबारकबीचं रान गावाच्या पल्याड, पाटाच्या चारीला लागून होतं. चारी कोरडी होती. भीमाबाई पुढं, विजयमाला चिमीला घेऊन मागं. ऊन चढलं होतं आणि चिमीच्या डोक्यावर पदर ओढला तरी ती तो काढून टाकत होती.

"जाऊबाई," विजयमाला म्हणाली, "तुम्ही माझ्या बाजूनं बोललात."

"तुझ्या बाजूनं?" भीमाबाई थांबली नाही. "तुझ्या अर्जाचं मला काय पडलंय? तू पुन्याला गेलीस काय, लंडनला गेलीस काय. पन आज 'कांदा कुजतोय, अर्ज ऱ्हाऊ दे' म्हनले, तर उंद्या 'कापूस येचायचाय, साळा ऱ्हाऊ दे' म्हनतील. माझी भागू आवंदा चौथीत हाय. तिचं नाव निघंल ते ह्याच तोंडानं निघंल." मग थोडं अंतर चालून गेल्यावर ती म्हणाली, "आन् तू इचारलंस ते बी कोनाला? मुबारकबीला! मला इचारायचं. मी तुला खोटं सांगितलं असतं, तुझं बी भागलं असतं."

विजयमालेला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

रानात बायकांची ओळ वाकलेली होती. या दोघींना बघून बोलणं थांबलं. भीमाबाईनं निंबाच्या फांदीला झोळी बांधली, चिमीला आत टाकलं, दोन झोके दिले आणि काही न बोलता ओळीच्या शेवटी जाऊन बसली. विजयमाला तिच्या शेजारी बसली.

"आली गं बाई, कचेरी आली," कडूबाई मोठ्यानं म्हणाली. कडूबाईच्या जिभेला सगळं गाव वचकून असे. "मुबारकबी, सांभाळ. तुझ्या कांद्याची मोजनी हुनार आज."

बायका हसल्या. विजयमालेनं तोंड उघडलं नाही. तिनं समोरची पात धरली आणि ओढली. पात हातात आली. कांदा जमिनीतच राहिला.

"पात मोजायला घरी न्ह्यायची का, गं?"

पुन्हा हशा झाला. सासूबाईंनी बोलू नको म्हटलं होतं; पण सगळ्याजणी थांबल्या होत्या, आणि हातातली पात वेड्यासारखी लोंबत होती.

"काय करू, मावशी," विजयमाला म्हणाली. "पात आली, पण कांदा म्हणतोय, मी सावडीत नाही."

बनुबाईनं खिंकाळल्यासारखं हसून मांडीवर थाप मारली आणि ओळभर हसू पसरत गेलं. कडूबाईनं ओठ दाबून धरले, तेही तिला फार वेळ जमलं नाही. "बुडाला धर," ती म्हणाली. "आन् सरळ ओढू नगं. जरा पीळ दे. अशी."

मुबारकबी मात्र हसली नाही. ओळीच्या दुसऱ्या टोकाला ती मान खाली घालून काढत होती, सगळ्यांपेक्षा जलद.

ऊन तापत गेलं. विजयमालेच्या बोटांची साल निघायला आली, कंबर मोडून आली. दर थोड्या वेळानं तिचे डोळे झोळीकडं जात. कांदा काढता काढता कडूबाईच तिला सांगत गेली, चिडून नव्हे, पदार्थ कसा करायचा ते सांगावं तशी. "आमाला काय, कोन मास्तरीन काय इचारती त्याचं काय बी वाटलं न्हाई. पन मुबारकबीची मिटवायची म्हनल्यावर आमी म्हनलं, मंग आमची तरी ठिवून काय उपेग? सावड समद्यांची एकच असती. एकीला उठवलं की बसलेल्या बी उठल्या."

"मुबारकचाचीचीच मिटवायची, असं का वाटलं तुम्हांला?"

"तू तिलाच इचारलंस."

खरंच होतं ते. तिनं तिलाच विचारलं होतं. ती हसून बोलते म्हणून. तिच्याकडं जायचं होतंच म्हणून.

तेवढ्यात झोळीतून रडणं सुरू झालं. विजयमाला उठेपर्यंत मुबारकबी तिथं पोचली होती. तिनं चिमीला बाहेर काढलं, खांद्यावर टाकलं, पाठीवर थोपटलं. विजयमाला जवळ जाऊन उभी राहिली. सवयीनं तिचा हात चिमीच्या कपाळाकडं गेला.

"ताप न्हाई," मुबारकबी म्हणाली. "दातच हाय. खालचा."

दोघी निंबाखाली उभ्या राहिल्या. मुबारकबी चिमीला हलवत रानाकडं बघत होती.

"तू इचारलंस ना," ती म्हणाली, "तवा मी घरी जाऊन काय बी बोलले न्हाई. रातभर तसंच. दिस कसले चाललेत, ठावं हाय तुला. पेपर वाचतीस तू. घरवाले बाजारातनं आमच्या लोकांबद्दल रोज नवीन कायतरी ऐकून येतात. ह्या गावात कोन तसलं बोलत न्हाई, खरं हाय. पन मला वाटलं, आता आप्पासायेबांचं घर बी..." तिनं वाक्य सोडून दिलं. "सासूच्या येळेपासनं जातोय आमी एकमेकीकडं. माझ्या निकाहाच्या दुसऱ्या दिशी सासूनं मला तुमच्याच रानात न्हेलं हुतं, हळद खुरपायला. मला वाटलं, मिटवायचं असंल, तर साळूबाईनं सवता यायचं हुतं. सुनेला कशाला धाडायचं?"

विजयमालेला सगळं सांगावंसं वाटलं, वाकनीस सर, समिती, सेकंड क्लास. आणि माफी मागावीशी वाटली, पाय धरावेसे वाटले. तिनं ते सगळं गिळलं. आपण एक आकडा विचारला, आणि समोरच्या बाईनं त्यात सगळ्या देशाची बातमी ऐकली. कॉलेजात प्रश्न विचारणं म्हणजे फक्त उत्तर मिळवणं असायचं. इथं तो विचारणं हेच एक कृत्य होतं, दार लावून घेतल्यासारखं.

विचारता येण्यासारखा प्रश्न आता एकच होता.

"चाची," ती म्हणाली, "उद्या येता का आमच्या रानात?"

मुबारकबीनं चिमीच्या हनुवटीवरची लाळ पदरानं पुसली.

"साळूबाई आली बघ," ती म्हणाली.

बांधावरून साळूबाई येत होत्या. डोक्यावर दुरडी. दुसरी सून घरात आल्यापासून त्या रानात आल्या नव्हत्या. तेव्हापासून त्यांचं काम चूल आणि दुभतं एवढंच. ओळीतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. साळूबाईंनी दुरडी निंबाखाली उतरवली.

"भाकरी वाळून चालल्या," त्या म्हणाल्या. "एवढ्या कोन खानार घरात?"

न्याहारी ज्याच्या रानात काम त्याच्या घरची, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. पण मुबारकबीनं 'आमच्या रानात तुमची भाकरी कशी' असं विचारलं नाही आणि साळूबाईंनी सांगितलं नाही. मुबारकबी काढून ठेवलेल्या ढिगातून चांगले कांदे निवडून घेऊन आली, मूठभर हिरव्या मिरच्या आणल्या आणि साळूबाईंच्या पुढ्यात ठेवल्या. साळूबाईंनी एक कांदा उचलला, गुडघ्यावर ठेवून बुक्कीनं फोडला.

"तिखट हाय का, मुबारकबी?"

"तुमच्या सुनेपरीस कमीच."

साळूबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की झोळीत परत गेलेली चिमी दचकली. विजयमालेनं त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

खाता खाता कडूबाईनं विचारलं, "ते लिवनार हायेस, ते कशाला गं पायजे?"

विजयमालेनं सांगितलं. विद्यापीठ, अर्ज, निबंध. सोपं करून, पण काही न लपवता. बायकांनी ऐकून घेतलं.

"आमचं नाव घालशील?" बनुबाई म्हणाली.

"नको म्हणाल तर नाही घालणार."

"घाल की! कवा यायचं कागदावर? मेल्यावर व्हय?"

"नाव घाल," मुबारकबी म्हणाली. पहिल्यांदाच ती सगळ्यांत मिसळून बोलली. "आकडा घालू नगं."

जेवण झाल्यावर साळूबाई घरी जातील असं विजयमालेला वाटलं. त्या गेल्या नाहीत. त्यांनी कासोटा आवळला, एका वाफ्यात बसल्या आणि भराभर कांदा काढू लागल्या. म्हाताऱ्या हातांना पीळ आठवत होता. कुणी त्यांना बस म्हटलं नाही की उठ म्हटलं नाही. आभाळ पश्चिमेला काळवंडलं, थोडा वारा सुटला आणि न बरसताच निवळलं. निघताना मुबारकबी पात कापायचे विळे गोळा करत होती. पाठमोरीच म्हणाली, "उंद्याला इळे तुमच्याकडं हायेत, का आमचे आनू?"

"आना," साळूबाई म्हणाल्या. "आमच्यांना धार न्हाई."

*

संध्याकाळी अजून उजेड होता. आप्पासाहेब ओसरीवर, कानिफनाथ त्यांच्या शेजारी. उद्या बायका येणार हे कळल्यापासून दोघांचे चेहरे मोकळे झाले होते, आणि दोघांनाही सकाळचं आपलं बोलणं आठवत होतं, हे विजयमालेला दिसत होतं. ती पेन, कागद घेऊन खांबाला टेकली. मांडीवर चिमी. हाताला कांद्याचा वास इतका होता की चिमी नाक मुरडत होती.

"मग आता निबंधाचं काय?" कानिफनाथनं विचारलं. "आकडे घालायचे नाहीत म्हणे. आकड्यांशिवाय समितीला दाखवणार काय?"

"जे झालं ते. आमच्या गावात एक देवघेव आहे, ती मोजायला गेलं की बंद पडते. मी मोजायला गेले आणि ती एका सकाळी बंद पडली. का पडली, परत कशी सुरू झाली, ते मी पाहिलंय."

"म्हणजे स्वतःची चूक लिहायची? अर्जात? अगं, अर्ज भक्कम करायचाय ना?"

"मुंबईच्या हुशार मुलाला ही चूक करताच आली नसती," विजयमाला म्हणाली. "ही चूक करायला इथं नांदावं लागतं."

कानिफनाथ उठून आत गेला आणि उरलेले रेघी कागद आणून तिच्यापुढं ठेवले. सकाळच्या वाक्याबद्दल तो याहून जास्त काही बोलणार नाही, हे तिला कळलं.

"पन ते सायेब लोक मानतील का हे?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"माहीत नाही, मामंजी. मानणारही नाहीत."

"हं." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पाठवायचा तर पाठव. पन तुझ्या सासूनं सकाळी इचारलेलं तसंच ऱ्हायलं. तू गेल्यावर सावडीत दुसरी बाई कोन?"

साळूबाई उंबऱ्यात बसून कमरेला तेल चोळून घेत होत्या. भीमाबाई चोळत होती.

"मी हाय की," साळूबाई म्हणाल्या.

"तुमी?" आप्पासाहेब म्हणाले.

"आत्या, आज एक वाफा काढला तर कंबर धरलीय," भीमाबाई म्हणाली. "आन् पोरगी?"

"माझी सासू मरस्तवर रानात जात हुती, मुबारकबी बी आज तेच म्हनत हुती. मला काय झालंय? पोरगीला झोळीत घालून न्हेऊ. आज ऱ्हायली न्हवं? हिच्या परीस जास्त तर मी आजच काढला." त्यांनी विजयमालेकडं बोट केलं. "ही निसती पात उपटत हुती. चोळ तू, थांबू नगं."

कुणी हसलं, कुणी काही म्हटलं. विजयमालेला नीट ऐकू आलं नाही. सकाळपासून, खरं तर लग्न झाल्यापासून, तिला न जाण्याचं एक ना एक कारण या घरात होतंच. कधी सासूबाई, कधी सावड, कधी पुढचं साल. ती त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत आली होती. आता घरात एकही कारण उरलं नव्हतं. जे उरलं होतं ते तिच्या मांडीवर होतं, आणि ते कुणी तिच्यासाठी मिटवू शकणार नव्हतं. आपण पुण्यात असताना संध्याकाळ झाली की इथं चिमीच्या कपाळाला हात कोण लावील? लावतील, सगळे लावतील. आपल्याशिवाय तिचं चालेल, तेच तर होतं.

"दे हिकडं तिला," साळूबाईंनी तेलकट हात पुढं केले. "तुला लिवायचंय न्हवं."

विजयमालेनं चिमीला उचलून त्यांच्या हातात दिलं. चिमी रडली नाही. आजीच्या गळ्यातली पोत तिला सापडली आणि ती तिच्यात रमून गेली. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं विजयमालेला वाटून गेलं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग पेनाचं टोपण काढलं.